हिंदुस्थानातून, कुठूनतरी : मुंबईचे गुप्त लघुलहरी केंद्र, १९४२

१/
१२ नोव्हेंबर १९४२. गिरगावातील पारेखवाडी. संध्याकाळचे प्रक्षेपण संपत आले होते. तबकडीवर ‘वंदे मातरम्’ वाजत होते आणि बाहेरून दारे फोडली जात होती. आत होत्या बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी चंद्रकांत झवेरी. पोलीस आत शिरले, तबकडी थांबवण्याचा हुकूम झाला. त्या रात्री अडीच महिने बोलत राहिलेले एक केंद्र कायमचे मुके झाले.

२/
उषाबेनच्या धाडसाची ही कथा अनेकांनी ऐकलेली असते. मात्र नुसत्या धाडसावर रेडिओ केंद्र चालत नाही. त्याला यंत्र लागते, वीज लागते, छपरावर तार लागते, ठरावीक तरंगलांबी लागते आणि हे सारे जाणणारी माणसे लागतात. युद्धकाळातल्या मुंबईत, पोलिसांच्या नाकासमोर हे कसे उभे राहिले? त्याचे उत्तर हौशी रेडिओच्या इतिहासात आहे. हा धागा त्याविषयी.

३/
हौशी रेडिओ म्हणजे नफा अथवा नोकरी म्हणून नव्हे, तर छंद आणि प्रयोग म्हणून स्वतःचे प्रक्षेपण केंद्र चालवणे. हिंदुस्थानात या छंदाची सुरुवात १९२१ साली झाली. अमरेंद्रचंद्र गुप्तू हे पहिले परवानाधारक, त्यांचे संकेतनाम ‘२ जेके’. १९२९ पासून हिंदी केंद्रांच्या संकेतनामाआधी ‘व्हीयू’ ही अक्षरे आली. आजही भारतीय हौशींची ओळख तीच आहे. बोलण्यापूर्वी आपले संकेतनाम सांगायचे, हा या छंदाचा पहिला दंडक. तो लक्षात ठेवावा. पुढे त्याला महत्त्व येणार आहे.

४/
मुंबई या बाबतीत मागे नव्हती. १९२३ साली इथल्या रेडिओ क्लबने प्रक्षेपण केले, १९२७ च्या जुलैत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. हौशी परवाने मात्र अगदी मोजके होते. १९३५ च्या सुमारास साऱ्या देशात पन्नासही परवानाधारक नव्हते आणि त्यांतले बहुतेक फौजेतील ब्रिटिश अधिकारी होते. कायदाही कडक होता. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याला १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याची जोड मिळाली आणि बिनतारी यंत्र विनापरवाना नुसते बाळगणेही गुन्हा ठरले.

५/
१९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले. नवे परवाने थांबले आणि हौशींना आपापली प्रक्षेपण यंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे लेखी हुकूम गेले. हौशींचे पट्टे एका फटक्यात शांत झाले. यंत्र जप्त करता येते. ते बांधण्याची विद्या जप्त करता येत नाही. मुंबईत ती विद्या अवगत असलेल्यांपैकी एक होते नरिमन प्रिंटर, संकेतनाम ‘व्हीयू २ एफयू’.

६/
८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे गांधीजींसह काँग्रेसचे सारे प्रमुख नेते पकडले गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. एका गावात काय घडले, ते दुसऱ्या गावाला कळण्याचा मार्ग उरला नाही. सरकारी नभोवाणी सरकारची बाजू सांगत होती. चळवळीचे शरीर जागोजागी हलत होते, पण त्याला आवाज नव्हता.

७/
हा आवाज मिळवून द्यायचा, असे मुंबईतल्या काही तरुणांनी ठरवले : उषा मेहता, बाबूभाई खाखर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी. पहिली अडचण पैशाची होती. एका नातेवाईक बाईंनी आपले दागिने देऊ केले; ते घेण्यास उषाबेननी नकार दिला. पैशाची व्यवस्था अखेर बाबूभाईंनी केली. पुढे भूमिगत झालेले डॉ. राममनोहर लोहिया या केंद्राशी जोडले गेले. काय बोलायचे याची चिंता त्यांनी वाहिली.

८/
दुसरी अडचण यंत्राची. येथे दोन धागे एकत्र आले. काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरवणाऱ्या ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवाणी यांच्याकडून साहित्य मिळाले आणि प्रक्षेपक बांधण्याचे काम नरिमन प्रिंटर यांच्याकडे आले. म्हणजे भूमिगत राजकारणाच्या हाताशी दोन गोष्टी आल्या : सभेच्या मैदानावरची ध्वनियंत्रणा आणि हौशी रेडिओची कारागिरी.

९/
त्या काळचा प्रक्षेपक कसा असे? सुरुवात होते क्वार्ट्झ स्फटिकाच्या एका छोट्याशा चकतीपासून. विजेच्या प्रभावाखाली ती ठरावीक वेगाने कंप पावते आणि हा कंप म्हणजेच केंद्राची कंपनसंख्या. पण ही लहर फार क्षीण असते. ती एकामागून एक व्हॉल्व्हमधून जात मोठी होते. या व्हॉल्व्हना शेकडो व्होल्टचा दाब लागतो. त्यासाठी लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर हवा. चुकून हात लागला, तर जीव जाईल असे हे प्रकरण.

१०/
एवढ्याने मिळते ती नुसती लहर. तिच्यावर आवाज नसतो. माइकमधून येणारा आवाज आधी वेगळ्या वर्धकातून मोठा करायचा आणि मग त्या आवाजाच्या चढउताराप्रमाणे लहरीची ताकद कमीजास्त करायची. यालाच मॉड्युलेशन म्हणतात. सभेला ध्वनिवर्धक पुरवणाऱ्याचा व्यवसाय या कामाला जवळचा होता, कारण मैदानात गर्जना करणारा वर्धक आणि प्रक्षेपकाला आवाज देणारा वर्धक हे एकाच कुळातले.

११/
शेवटचा भाग एरियल, आणि लपवायला सर्वांत अवघड तोच. यंत्र खोलीत ठेवता येते, तार उघड्यावरच टांगावी लागते. हौशींमध्ये सर्वांत रुळलेली तार तरंगलांबीच्या निम्मी असते. बेचाळीस मीटरच्या लहरीसाठी ती सुमारे वीस मीटर, म्हणजे साठ-पासष्ट फूट भरते. खिडकीला खिडकी लागलेल्या गिरगावातल्या वाडीत एवढी तार शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटणे कठीण. गुप्त केंद्राची सुरक्षितता शेजाऱ्यांच्या मौनावर किती अवलंबून असते, याची कल्पना यावरून यावी.

१२/
बेचाळीस मीटरच का? काँग्रेस रेडिओची जाहीर तरंगलांबी होती ४२.३४ मीटर, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. ही जागा हौशींच्या ‘४० मीटर’ पट्ट्यात पडते. १९३९ मध्ये ज्या पट्ट्यावरचे हौशी गप्प केले गेले होते, त्याच पट्ट्यावर तीन वर्षांनी हे केंद्र बोलू लागले. हौशीच्या अनुभवाला परिचित असलेली ही लहर, आणि लघुलहरी असलेल्या घरगुती रेडिओवरही पकडता येण्याजोगी.

१३/
या लहरीचा आणखी एक गुण होता. जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर आयनांबर नावाचे विद्युतभारित थर असतात. लघुलहरी त्यांवरून परावर्तित होऊन दूरवर उतरतात. दिवसा खालचा थर ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी बऱ्याच प्रमाणात शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि तीच लहर हजार-दोन हजार किलोमीटर मजल मारते. मुंबईचा आवाज बिहारात पोहोचायचा असेल, तर योग्य वेळ अंधार पडल्यानंतरची. केंद्राचे मुख्य प्रक्षेपणही संध्याकाळीच होत असे.

१४/
२७ ऑगस्ट १९४२ रोजी पहिले प्रक्षेपण झाले. घोषणेचा आशय असा : ४२.३४ मीटरवर, हिंदुस्थानातून कुठूनतरी, काँग्रेस रेडिओ बोलत आहे. आता हौशींचा तो पहिला दंडक आठवावा. परवानाधारक केंद्र आधी स्वतःचे संकेतनाम सांगते, म्हणजे आपण कोण हे जगाला कळवते. या केंद्राने आपले नाव सांगितले, लहर सांगितली आणि पत्ता तेवढा ‘कुठूनतरी’ ठेवला. त्या एका शब्दावर साऱ्यांचे स्वातंत्र्य टांगलेले होते.

१५/
प्रक्षेपण हिंदुस्थानी व इंग्रजीत होई. बातम्या, भाषणे, सूचना, आवाहने असे त्याचे स्वरूप होते. अखेरीस ‘वंदे मातरम्’. बातम्या देशभरातून येणाऱ्या निरोप्यांकडून मिळत. चितगावावरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातील घडामोडी यांची बातमी प्रथम आपणच दिली, असे उषाबेन पुढे अभिमानाने सांगत. सरकारी ‘ऑल इंडिया रेडिओ’ला ही मंडळी ‘अँटी इंडिया रेडिओ’ म्हणत.

१६/
महाराष्ट्राच्या दृष्टीने एक बातमी विशेष महत्त्वाची. ऑगस्ट १९४२ मध्ये विदर्भातील आष्टी आणि चिमूर येथे उठाव झाला आणि नंतर तेथील गावकऱ्यांवर, स्त्रियांवर अनन्वित अत्याचार झाले. वृत्तपत्रांना त्याविषयी मोकळेपणी लिहिणे शक्य नव्हते. काँग्रेस रेडिओने त्या अत्याचारांचे सविस्तर वर्णन हवेत सोडले. वर्धा आणि चांदा जिल्ह्यांतले दुःख गिरगाव-मलबार हिलच्या एखाद्या खोलीतून देशाला ऐकू गेले.

१७/
पण इथेच लघुलहरीचा दुसरा स्वभाव समोर येतो. जी लहर श्रोत्यापर्यंत जाते, तीच पोलिसांपर्यंतही जाते. शिवाय ती आपली दिशा लपवत नाही. वेटोळ्याच्या आकाराचे एरियल फिरवत नेले, तर एका विशिष्ट स्थितीत आवाज अगदी क्षीण होतो. त्यावरून प्रक्षेपक कोणत्या रेषेवर आहे हे कळते. दोन निराळ्या ठिकाणांहून अशा रेषा काढल्या की त्या जिथे छेदतात, तिथे केंद्र. पोलिसांच्या शोधक गाड्या याच तत्त्वावर शहरभर फिरत होत्या.

१८/
तरीही केंद्र अडीच महिने सापडले नाही, त्यामागे भौतिकशास्त्राचीही थोडी कृपा होती. आयनांबरावरून उतरणारी लहर वेटोळ्याच्या एरियलला फसवते, अंधार पडल्यावर अधिकच. दाट वस्तीतल्या लोखंडी सळ्या, विजेच्या तारा आणि उंच इमारती लहर परतवून भलतीच दिशा दाखवतात. म्हणून खरा माग लागतो तो जवळ गेल्यावर, आणि तेही केंद्र चालू असेल तोवरच. केंद्र बंद झाले की शोधकाच्या हाती काहीच उरत नाही. थोडा वेळ बोलायचे आणि जागा बदलायची, हाच यावर उपाय.

१९/
म्हणून केंद्र फिरत राहिले. चौपाटीचे ‘सी व्ह्यू’, वाळकेश्वर रस्त्यावरचा ‘रतन महल’, लॅबर्नम रस्त्यावरील ‘अजित व्हिला’, सँडहर्स्ट रस्त्यावरचे ‘लक्ष्मी भुवन’, महालक्ष्मीजवळचा ‘पॅरडाइज’ बंगला आणि गिरगावातील पारेखवाडी. नावे वाचायला सोपी आहेत. प्रत्येक वेळी मात्र जड ट्रान्सफॉर्मर उचलायचा, काचेचे व्हॉल्व्ह जपून न्यायचे, नवी तार टांगायची आणि तिच्याशी प्रक्षेपक नव्याने जुळवायचा. जुळणी चुकली, तर शक्ती तारेतून बाहेर पडण्याऐवजी यंत्रातच उष्णता होऊन जाते.

२०/
आणखी एक खबरदारी घेतली गेली. ध्वनिमुद्रणाची जागा निराळी आणि प्रक्षेपणाची निराळी. भाषण एका ठिकाणी तबकडीवर उतरवायचे आणि दुसऱ्या ठिकाणाहून वाजवायचे. त्यामुळे भूमिगत नेत्याला प्रक्षेपकाजवळ यावे लागत नसे. तबकडी पकडली गेली तरी माणूस सुटे. आवाज आणि देह यांची अशी फारकत करणे, ही त्या तंत्राची भूमिगत चळवळीला मिळालेली मोठी देणगी होती.

२१/
इतके करूनही केंद्र सापडले, आणि ते केवळ वेटोळ्याच्या एरियलमुळे नव्हे. उषाबेनच्या सांगण्यानुसार तंत्रज्ञच फुटला. यंत्र कुठे आहे, ते कोण चालवते, हे त्याला ठाऊक होते. पोलिसांच्या ताब्यात गेल्यावर त्याने ते सांगितले. या संदर्भात सगळी कथने एकच नाव घेत नाहीत. मात्र फितुरी यंत्राच्या जाणकारांच्या वर्तुळातूनच झाली, यावर त्यांचे एकमत आहे.

२२/
यात एक कटू तर्क आहे. निरोप्या पकडला गेला, तर एक निरोप जातो. निवेदक पकडला गेला, तर दुसरा बोलू शकतो. प्रक्षेपक बांधणारा मात्र शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका, आणि त्याच्यापासून काहीच लपवता येत नाही. जागा, लहर, वेळ, माणसे हे सारे त्याला माहीत असावेच लागते. ज्या विद्येने केंद्राला वाचा दिली, तिच्या दुर्मीळपणानेच ते उघडे पाडले. हा दोष एका व्यक्तीचा मानला, तरी दुबळी जागा साऱ्या रचनेतच होती.

२३/
१२ नोव्हेंबरला पोलीस बाबूभाईंच्या कार्यालयात पोहोचले, तेव्हा उषाबेन तिथेच होत्या. त्या तिथून निसटल्या. पळून जाण्याची संधी समोर होती. तरी त्या प्रक्षेपणाच्या जागी गेल्या आणि त्या संध्याकाळचा कार्यक्रम चालवला. शोध आपल्या उंबऱ्यापर्यंत आला आहे, हे ठाऊक असताना केलेले ते प्रक्षेपण होते. ‘वंदे मातरम्’ सुरू असताना दार वाजले. तबकडी थांबवण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही.

२४/
त्यानंतर अनेक महिने चौकशी आणि कोठडी. पुढे विशेष न्यायाधीश लोकूर यांच्यापुढे पाच जणांवर खटला चालला. मे १९४३ मध्ये निकाल लागला : बाबूभाई खाखर यांना पाच वर्षे, उषा मेहता यांना चार वर्षे, चंद्रकांत झवेरी यांना एक वर्ष शिक्षा. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवाणी निर्दोष सुटले.

२५/
खटल्यात उषाबेननी न्यायाधीशांना एक प्रश्न केला : विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देणे आपल्यावर बंधनकारक आहे काय? तसे बंधन नाही, असे उत्तर मिळाले. मग स्वतःच्या बचावासाठीही आपण बोलणार नाही, असे त्यांनी सांगितले. ज्या आवाजाने अडीच महिने साऱ्या देशाला बातम्या दिल्या, त्या आवाजाने न्यायालयात एकाही सहकाऱ्याचा पत्ता दिला नाही. तंत्राने जे राखता आले नव्हते, ते त्यांनी मौनाने राखले.

२६/
शिक्षेचा काळ त्यांनी येरवड्यात काढला. प्रकृती ढासळल्याने मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात न्यावे लागले. १९४६ मध्ये सुटका झाली. पुढे त्यांनी गांधीविचारांचा अभ्यास केला, विल्सन महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवले, १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. ११ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले.

२७/
हवेतला शब्द टिकत नाही. मग काँग्रेस रेडिओ काय बोलत होता, हे आज कसे कळते? पोलीस रोज कान लावून बसत आणि ऐकलेले टिपून ठेवत. खटल्यासाठी जमवलेला तो पुरावा दप्तरात राहिला आणि कालांतराने इतिहासाचे साधन झाला. केंद्र संपवू पाहणाऱ्यांनीच त्याचे शब्द जपले. अभिलेखागारातला कागद कोणत्या हेतूने लिहिला गेला आणि आज तो कोणत्या कामी येतो, यांत किती अंतर पडू शकते, हे यावरून दिसते.

२८/
आज ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतीय हौशींना खुला आहे. सरकारी परीक्षा द्यावी, परवाना घ्यावा, ‘व्हीयू’ने सुरू होणारे संकेतनाम मिळवावे, वीस मीटर तार टांगावी आणि अंधार पडल्यावर बोलावे. राजकीय प्रचाराला त्यात मज्जाव आहे, आणि आपण कोण हे सांगणे बंधनकारक. १९४२ च्या पावसाळ्यात याच पट्ट्यावर काही तरुण माणसे आपला पत्ता लपवून बोलत होती. आज तिथे कोणीही निर्धास्तपणे आपले नाव-गाव सांगू शकतो. मधल्या काळात काय बदलले, ते एवढ्यावरूनही समजते.

— धागा समाप्त —